दोन प्रतींत

डिसेंबरात माझं टेबल चालतं.
अधिवेशन बसलं की सिव्हिल लाइन्समध्ये
झाडांपेक्षा बॅरिकेड जास्त,
आणि कलेक्टर ऑफिसच्या भिंतीला टेकून आम्ही सात टायपिस्ट,
पानाला चाळीस रुपये, कार्बन प्रत धरून.
बाकीच्यांनी संगणक घेतले. मी मशीन सोडलं नाही.
ठोकलेलं अक्षर साहेबाला खरं वाटतं.

सकाळपासून तीन झाले होते:
एक अंगणवाडीचं मानधन, एक झोपडपट्टीचा पट्टा,
आणि एक माणूस नुसत्या शिव्या सांगत होता,
त्या मी विनंतीत बसवल्या.

मग तितरमारे बाई. शकून तितरमारे,
बुटीबोरीला बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंग, दुसरी पाळी.
सोबत मुलगी. तोंडाला स्कार्फ, उघडे फक्त डोळे.
आमच्याकडे पोरी बांधतात असा,
पण मे महिन्यात.

"कायदा पाहिजे जी," बाई म्हणाल्या,
कोणी म्हणावं सातबारा पाहिजे, तसं.

विषय — एवढं ठोकून मी थांबलो.
"तिच्या वर्गातल्या पोट्ट्यांनी मोबाईलवर एक पान काढलं.
पोरींचे फोटो. एकेकीले मार्क.
हिले दहापैकी दोन.
मले वाटलं गणिताचे.
म्या म्हटलं, शिकवणी लावू."

मुलगी कुंपणावरच्या खारीकडे बघत होती.

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की,
शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकता येत नाही,
गाडीला अठरा लागतात, मताला अठरा
(बाई सांगत होत्या, मी भर घालत होतो,
चाळीस रुपयांत इतकं बसत नाही खरं तर),
तर ज्या दुकानाला शटर नाही,
जे रात्री दोनला गोधडीच्या आत उघडं असतं,
त्याच्या मालकाने गिऱ्हाईकाचं वय का विचारू नये?

"विचारते ना," बाई म्हणाल्या.
"तिनंच आणला फोन माझ्याजवळ. जन्मसाल मागून राहिलं म्हणे.
मी पोळ्या लाटून राहिली होती.
म्हटलं, माझं टाक."

माझी बोटं पट्ट्यांवर तशीच.
हे नको घालायला बाई, मी म्हणालो.
आतला बाबू एवढंच वाक्य वाचेल,
लाल पेनाने खूण करेल,
आणि फाइल तुमच्याच दारात परत येईल.

"टाका," त्या म्हणाल्या.
"सरकारपाशी न्याय मागाचा अन् त्याले खोटं द्याचं?
पण पुढचंही लिवा.
मी एका हातानं खोटं दिलं,
त्यानं दोन्ही हातानं घेतलं.
एकोणचाळीस वर्षांची बाई
सातवीच्या पोट्ट्यांशी रातभर काय बोलते,
असं एकदा तरी पुसलं का त्यानं?
पानठेलेवाला बी पुडी द्याच्या आधी
पोराच्या तोंडाकडे पाहते."

ठोकलं. जसंच्या तसं, 'बी'सकट.
माझ्या नातवाचं खातं माझ्या सालावर आहे,
एकोणीसशे अठ्ठावन्न.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

कागद ओढून वाचायला दिला
तेव्हा मुलीनं पहिल्यांदा हात पुढे केला.
इयत्ता सातवी 'अ' झालं होतं माझ्याकडून.
तिनं पेन मागून 'ब' केलं,
आधी मूळ प्रतीवर, मग कार्बनवर,
दोन्हीकडे सारखाच दाब देऊन.

फाटकावर पोलिसाने एकीलाच सोडलं.
बाई आत गेल्या, कागद पदराखाली धरून,
जणू पाऊस होता.
मुलगी माझ्या स्टुलावर बसली.
पलीकडच्या ठेल्यावरून मी तर्री-पोहे मागवले,
तर्री कमी, लेकरू आहे.

तिनं भिंतीकडे तोंड केलं
आणि स्कार्फ खाली ओढला,
चमचा जाईल एवढाच.
मी मशीनमध्ये कोरा कागद चढवला,
समास नीट केला, परत केला,
तिकडे पाहिलं नाही.